डायोप्टेज पाचूऐवजी अंगठीत चालेल का?

मधुमालती:
नमस्कार मंडळी, मावसभाऊ नामिबियात असतो, त्याने येताना एक दगड आणलाय. पांढऱ्या कॅल्साइटवर तांदळाच्या दाण्याएवढे गर्द हिरवे स्फटिक, चिठ्ठीवर लिहिलंय डायोप्टेज, त्सुमेब. रंग असला भारी आहे की आई म्हणतेय यातला एक काढून अंगठीत बसवू, पाचूला कशाला पैसे घालवायचे. सोनारकाकांनी हे नाव कधी ऐकलेलंच नाही. टिकेल का? आणि हे नक्की असतं तरी काय?

दगडधोंडे:
आधी आईंना थांबवा!! डायोप्टेज म्हणजे तांब्याचं सिलिकेट, त्यात पाणीही असतं, आणि हिरवा रंग तांब्याचाच. कठीणपणा मोहस स्केलवर जेमतेम 5, पाचूचा साडेसात ते आठ. साध्या धुळीत क्वार्ट्झ असतो तो 7, म्हणजे रोजच्या वापरात चरे पडणार हे नक्की. त्याहून वाईट म्हणजे तीन दिशांना सरळ फुटतो, सोनाराने कडा दाबताना जरा जोर लावला की संपलं. सोनाराच्या गॅस टॉर्चची आच लागली तर आतलं पाणी जाऊन काळाही पडतो.

उंटावरचा_शहाणा:
पाचू समजून फसणारे तुम्ही पहिले नाही 😀 अठराव्या शतकाच्या शेवटी कझाकस्तानातल्या अल्टिन-ट्युबेचे खडे रशियात पाचू म्हणूनच गेले होते, मग 1797 मध्ये आउई या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे वेगळं खनिज आहे म्हणून दाखवलं. तांब्याच्या खाणीत वरच्या थरात, जिथे हवापाणी लागून धातुक सडतं, तिथे सिलिका मिळाली तर होतं, पण बहुतेक ठिकाणी क्रायसोकोलावरच (तांब्याचंच निळसर-हिरवं खनिज, पण सहसा स्फटिक नसलेलं) भागतं, असे स्वच्छ स्फटिक क्वचित. त्सुमेबची खाण 1996 ला बंद झाली, त्यामुळे तिथला जुना नमुना असेल तर फोडणं म्हणजे पापच.

रानवाट:
आपल्या पुण्याकडे पण हिरवे निळे खडे निघतात ना, ते हेच का?

दगडधोंडे:
नाही हो. पाषाणचा हिरवा अपोफिलाइट आणि वाघोलीचा निळा कॅव्हनसाइट, दोन्हीत रंग व्हॅनेडियमचा, तांब्याचा संबंध नाही.

मधुमालती:
बरं, अंगठी रद्द 🙏 आई जरा नाराज आहे. पण दगडावर कॅल्साइटचा पांढरा थर बराच आहे, तो बाथरूमच्या क्लीनरने काढू का, म्हणजे स्फटिक नीट दिसतील?

दगडधोंडे:
अजिबात नको! त्यात बऱ्याचदा हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं, कॅल्साइट तर जाईलच पण डायोप्टेजलाही ते खातं, चकाकी गेली की परत येत नाही. अल्ट्रासॉनिक मशीनही नको, आहेत त्या भेगा वाढतील. मऊ ब्रश, साधं पाणी, बास. आणि खरं सांगू का, पांढऱ्यावर हिरवं हीच तर त्सुमेबच्या नमुन्याची शोभा, तो थर आहे तसाच राहू द्या.