व्हिएतनाम: विमानापेक्षा रात्रीची रेल्वे

हनोईहून हो ची मिन्ह शहरी स्वस्त विमानाने जावे, हा प्रवाशांना दिला जाणारा सल्ला वेळेच्या दृष्टीने रास्त असला, तरी सामानाचे वेगळे शुल्क, विमानतळापर्यंतचे भाडे आणि त्या रात्रीचे हॉटेल त्यात धरलेले नाही. १,७२६ किलोमीटरचा हा लोहमार्ग सलग पार करणे तीस तासांहून अधिक वेळेचे आणि कंटाळवाणे काम आहे. त्यापेक्षा हनोईहून रात्रीच्या गाडीने मध्य व्हिएतनाममधील ह्युए शहर गाठावे. सहा बर्थच्या कक्षात सर्वांत वरचा बर्थ सर्वांत स्वस्त असतो, मात्र तिथे ताठ बसता येत नाही, तेव्हा उंच माणसाने चार पैसे जास्त मोजलेले बरे. ह्युए ते दा नांग हा टप्पा मात्र दिवसाउजेडीच करावा आणि डावीकडची खिडकी मिळवावी, कारण हाय व्हान घाटात हमरस्ता बोगद्यात शिरतो, तर रूळ समुद्राच्या कडेकडेने वळणे घेत जातात. शाकाहारी मंडळींनी ‘चाय’ (व्हिएतनामी भाषेत शाकाहारी) अशी पाटी असलेली खानावळ शोधावी, कारण एरवी माशाचा सॉस भाजीतही सर्रास पडतो. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध शाकाहार पाळत असल्याने तेव्हा ही अडचण बरीच कमी होते.