मॉस्को पडलं असतं तर जर्मनी जिंकली असती का?

डिचोलीकर: चवथीला मावसभावाशी वाद झाला. तो म्हणतो, ऑगस्ट १९४१ मध्ये हिटलरने आपल्या गुडेरियन या सेनापतीचे रणगाडे कीव्हकडे वळवले नसते, सरळ मॉस्को गाठलं असतं, तर रशिया तिथंच कोसळला असता. मला पटत नाही, पण का ते मांडता येईना.

म्हापशेकार: कीव्हला सहा लाखांवर रशियन सैनिक कैद झाले. एवढी फौज बगलेत ठेवून कुठला सेनापती पुढे जाईल?

वास्को_मालगाडी: कीव्ह, मॉस्को राहू दे बाजूला. मी रेल्वेत होतो, पहिली दोन वर्षं मिरजेच्या यार्डात गेली. तेव्हा वास्कोची लाइन मीटरगेज, म्हणजे अरुंद, आणि मिरजेपासून पुण्याकडे ब्रॉडगेज, म्हणजे रुंद. सगळा माल मिरजेला उतरवून दुसऱ्या वाघिणीत (मालडब्यात) चढवायचा, पोतं पोतं हमालांच्या पाठीवरून. पावसाची एक सर आली की सिमेंटचा दगड. आणि हे शांततेच्या काळात.

जर्मन रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर, रशियन रुळांमधलं १५२४. रूळ आत सरकवून ठोकणं जमण्यासारखं होतं, जर्मनांनी ते झपाट्याने केलंही. घोडं अडलं पाण्यापाशी. रशियन इंजिनात पाणी जास्त मावायचं, त्यामुळे पाणी भरायची स्टेशनं लांब लांब. जर्मन इंजिन मधेच कोरडं पडायचं. थंडीत त्याच्या बाहेरच्या नळ्या गोठून फुटल्या. गाड्या कमी, म्हणून पेट्रोल-दारूगोळा आधी, गरम कपडे मागे पोलंडमध्ये पडून. रणगाड्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, पण त्या सैन्यासोबत सहा लाखांवर घोडे होते, त्यांचा चाराही वाहायचा होता.

डिचोलीकर: पण काका, मॉस्को हेच तर मोठं जंक्शन ना? ते गेलं असतं तर रशियाचीच रेल्वे तुटली असती.

वास्को_मालगाडी: हा मुद्दा भावाचा बरोबर आहे, तो मान्य कर. तो घाव खोल बसला असता. पण १९४१ संपेपर्यंत दीड हजारांवर कारखाने पूर्वेकडे हलवले होते, सुमारे पंधरा लाख वाघिणी भरून. यार्डात आयुष्य गेलेल्या माणसाला विचार हा आकडा काय असतो! यंत्रं उतरवून कुठे कुठे छप्पर चढायच्या आधीच सुरू केली. त्या कामगारांपुढे मी हात जोडतो. मॉस्को पडलं म्हणून ती माणसं थांबली असती असं मला वाटत नाही.

म्हापशेकार: आणि तेल? बाकूच्या तेलविहिरी मिळाल्या असत्या तर?

वास्को_मालगाडी: माइकोप हे दुसरं तेलाचं ठिकाण ऑगस्ट १९४२ मध्ये जर्मनांना मिळालं, तर विहिरी रशियनांनी आधीच निकामी केलेल्या. बाकूला याहून वेगळं काय झालं असतं? शिवाय तिथलं तेल जर्मनीपर्यंत आणणार कशातून? टाकीच्या वाघिणी तरी पुरेशा कुठे होत्या?

डिचोलीकर: बाबांना आत्ता मिरजेचं विचारलं. म्हणाले, रात्री ट्रंक डोक्यावर घेऊन फलाट बदलायचो, आई मागून पाण्याचा तांब्या घेऊन. रविवारी भाऊ जेवायला येतोय, त्याला बाबांशेजारी बसवतो.