एक आकडा वर गेला म्हणजे डेपो गळतोय?

कूपमंडूक
परवा ठिणगीताईंनी कचरा डेपोभोवतीच्या निरीक्षण विहिरींबद्दल (डेपोतून भूजलात काही झिरपतंय का, हे तपासायच्या विहिरी) लिहिलं: 'निरीक्षण विहिरीत एक आकडा मर्यादेवर गेला की डेपो गळतोय हे सिद्ध झालं. फेरनमुना ही पळवाट, आणि संख्याशास्त्र म्हणजे ती झाकायची चादर.' तिथेच दोन ओळी लिहून गप्प बसणार होतो. जमलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

हिशेब करू. दहा विहिरी, प्रत्येकीत क्रोमियम, शिसं असे पंधरा घटक, म्हणजे एका फेरीत मर्यादेशी दीडशे तुलना. प्रत्येक तुलनेत खोटी बोंब उठायची शक्यता फक्त १ टक्का धरा, तुलना एकमेकींपासून स्वतंत्र माना. डेपोतून थेंबही गळत नसताना निदान एक बोंब उठायची शक्यता ७८ टक्के येते! ५ टक्के धरलेत तर खात्रीच. दर फेरीला 'लांडगा आला रे आला' झालं की खरा लांडगा आल्यावर कोण धावणार?

फेरनमुना, म्हणजे त्याच विहिरीतून पुन्हा घेतलेला नमुना, त्यासाठी असतो. पार्श्वभूमीचे, म्हणजे गळती नसताना घेतलेले, ८ नमुने आहेत आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा हीच मर्यादा, असं समजा. पुढचा नमुना निव्वळ योगायोगाने तिच्यावर जायची शक्यता नवात एक, म्हणजे ११ टक्के. मूळ आणि फेरनमुना दोन्ही वर गेले तरच गळती मानायची, असं ठरवलं की तीच २.२ टक्क्यांवर येते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत फेरनमुना मूळ आराखड्यातच धरलेला आहे, आणि अख्ख्या जागेसाठी वर्षभरातली खोट्या बोंबेची शक्यता १० टक्क्यांवर ठेवायला सांगितलंय. चादर कसली, अंकगणित आहे.

मी ज्या जागेचे आकडे पाहतो तिथे गेल्या वर्षी ४ नंबरच्या विहिरीत क्रोमियम वर गेलं. फेरनमुना मर्यादेखाली आला. प्रकरण बंद. ताईंच्या न्यायाने आम्ही एव्हाना फासावर असतो.

ठिणगी
नाव घेऊन झोडपल्याबद्दल आभारी आहे. खोट्या बोंबेचा हिशेब दशांशापर्यंत दिलात. डेपो खरंच गळत असेल तर तुमच्या नियमाने तो सापडायची शक्यता किती, हे मात्र लिहायचं राहिलं बहुतेक.

मी एका डेपोच्या नागरिक समितीवर सहा वर्षं होते. आकडा वर जायचा, फेरनमुना तीन महिन्यांनी घ्यायचे आणि अहवालात 'सर्व ठीक'. एकदा प्रयोगशाळेची पावती हाती लागली. फेरनमुने दोन घेतले होते, अहवालात एकच होता. कुठला, ते तुमच्या अंकगणिताने ओळखा.

कूपमंडूक
ती लबाडी आहे ताई. लबाडीचं खापर पद्धतीवर कशाला? किती फेरनमुने, किती दिवसांत, हे आधी कागदावर असलं तर दुसरी पावती लपवता येत नाही. आणि सापडायच्या शक्यतेचा विचारही त्याच मार्गदर्शिकेत आहे: पातळी तीन प्रमाण विचलनांनी (प्रमाण विचलन म्हणजे आकड्यांच्या नेहमीच्या चढउताराचं माप) चढली तर निदान ५५-६० टक्के वेळा, चारने चढली तर ८० टक्क्यांच्या पुढे ती पकडता आली पाहिजे.

ठिणगी
म्हणजे तीन विचलनांची गळती पाचात दोनदा सुटली तरी पद्धत पास. धन्य.

शून्यवादी
दोघांचं चालू द्या, पण 'आढळले नाही'च्या जागी ओळखमर्यादेचा (यंत्राला ओळखता येणाऱ्या सर्वांत कमी पातळीचा) निम्मा आकडा ठोकणाऱ्यांचं काय? एका ठिकाणी प्रयोगशाळा बदलली, ओळखमर्यादा १० वरून २ वर आली. निम्मा आकडा ५ चा १ झाला. पाणी तेच, आलेख घसरगुंडीवर. अहवालात छापलं: 'प्रदूषणात लक्षणीय घट'. सत्कार व्हायचाच बाकी होता.

कूपमंडूक
सहमत, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

शून्यवादी
दर वेळी तो वेगळ्याच धाग्याचा विषय असतो.

गाळवाला
ज्या आकड्यावरून तुम्ही भांडताय तो विहिरीतून वर कोण काढतं? मी. बावीस वर्षं झाली. बेलर, म्हणजे पाणी काढायची लांबट नळी, दोरीने सोडला की पाण्यावर धप्पकन आपटतो, तळाचा गाळ उसळतो आणि वर येतं मातकट पाणी. ते ज्या बाटलीत भरायचं तिच्यात नायट्रिक आम्ल आधीच घातलेलं. गाळाच्या कणांना धरून बसलेलं लोह, क्रोमियम, शिसं ते आम्ल सोडवतं आणि यंत्र बिचारं इमानदारीत मोजतं. तिकडे तुमच्या आलेखावर गळती उगवते. गळती कसली, माझ्या हातून दोर जोरात सुटलेला असतो.

मंद पंपाने, मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर या बेताने, सामू आणि वाहकता स्थिरावेपर्यंत थांबून काढलेलं पाणी बघा, काचेसारखं असतं. पण एका विहिरीला तास-दीड तास जातो. तेवढ्यात ड्रायव्हर चारदा हॉर्न मारतो. माझं म्हणणं सोपं आहे: धातूंचा नमुना जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा.

ठिणगी
वा! पुरावाच गाळून टाका. अमेरिकेच्या १९९१ च्या डेपो-नियमांत नमुना जागेवर गाळायला सरळ मनाई आहे. धातू बारीक कणांवर स्वार होऊनही भूजलातून पुढे जातात. तुमच्या गाळणीत तेच अडकणार.

गाळवाला
नियम लिहिणाऱ्याने बेलर कधी हातात धरला होता का? जमिनीत वाहणारे कण वेगळे आणि मी उसळवलेला चिखल वेगळा.

परीक्षानळी
मग चिखल उसळवता कशाला? गढूळ पाणी भरून पाठवायचं, आकडा वर गेला की 'लॅबची चूक'. एक बाटली गाळलेली, एक न गाळलेली पाठवा, सोबत गढूळपणाचं माप लिहा. आम्ही दोन्ही तपासू. ॲसिटोन आणि मेथिलीन क्लोराइड पुष्कळदा आमच्याच ओट्यावरून शिरतं हे मी कबूल करते. कोऱ्या नमुन्याचा (नुसत्या शुद्ध पाण्याच्या बाटलीचा) निकाल त्यासाठीच जोडतो. तो आजवर एकाने तरी वाचलाय का?

गाळवाला
दुसऱ्या बाटलीचे पैसे कोण देणार? एसीत बसून सांगणं सोपं असतं बाई.

परीक्षानळी
'बाई' कशाला? नाव आहे मला. आणि आम्लाच्या वाफा नाकात जातात तेव्हा एसीचा उपयोग नसतो.

कूपमंडूक
अहो, धागा संख्याशास्त्रावर आहे! गाळणीवरून हाणामारी करायची तर दुसरीकडे करा.

गाळवाला
तुमचं संख्याशास्त्र माझ्या दोरीला लोंबकळतंय साहेब. बरं, त्या ४ नंबरच्या विहिरीची मर्यादा कशावरून ठरवली?

कूपमंडूक
त्याच विहिरीच्या सुरुवातीच्या ८ नमुन्यांवरून. सर्वांत मोठा आकडा.

शून्यवादी
सुरुवातीच्या म्हणजे किती दिवसांतल्या? पाणी वर्षाला एक मीटर सरकत असेल तर पंधरा सेंटिमीटरच्या विहिरीतून पुढे जायला त्याला पंचावन्न दिवस लागतात. लागोपाठ घेतलेत तर तेच पाणी आठदा मोजलंत. अमेरिकेत १९८२ च्या नियमांतल्या टी-टेस्ट या सांख्यिकी चाचणीचं असंच झालं. एकाच नमुन्याच्या पुनर्मोजण्या स्वतंत्र नमुने म्हणून धरायचे. खोट्या बोंबा इतक्या उठल्या की १९८८ मध्ये ती बदलली.

कूपमंडूक
बरोबर, पण त्याने विचलन कमी दिसतं, मर्यादा खाली येते आणि बोंबा वाढतात. म्हणजे झाली तर ताईंचीच सोय.

गाळवाला
पाणी तेच असेल, गाळ तोच नसतो. नवी विहीर नीट उपसली नाही तर पहिले काही आठवडे चिखलच येतो. आठांतला सर्वांत चिखलाचा नमुना तुमची मर्यादा झाला. आता तिच्याखाली सगळं स्वच्छच दिसणार.

ठिणगी
गाळवालेदादा, गाळणीबद्दल नाही, पण याबद्दल तुम्हाला नमस्कार. कूपमंडूक, फाईल उघडता का?

कूपमंडूक
उघडली. आठपैकी पाच नमुने पहिल्या तीन आठवड्यांतले. गढूळपणाच्या रकान्यात तिघांसमोर 'जास्त', दोघांसमोर काहीच नाही. क्रोमियमचा सर्वांत मोठा आकडा त्या तिघांतलाच. घ्या हसून.

ठिणगी
हसत नाहीये. ते पाच बाजूला ठेवा. उरलेल्या तिघांतल्या मोठ्याच्या तुलनेत गेल्या वर्षीचा फेरनमुना वर की खाली?

कूपमंडूक
तीन नमुन्यांवर मर्यादा ठरत नाही. योगायोगाने वर जायची शक्यता चारात एक होते.

ठिणगी
मर्यादा नाही विचारली. वर की खाली?

कूपमंडूक
वर.

गाळवाला
तो फेरनमुना बेलरने काढला होता की पंपाने?