ब्रेस्ट लिफ्टचे व्रण: घामात सिलिकॉन पट्टी टिकत नाही

मुलुंडकर: ब्रेस्ट लिफ्टची, म्हणजे स्तन वर उचलण्याच्या ऑपरेशनची जखम पूर्ण भरलीय, पण स्तनाखालच्या घडीतला व्रण लालभडक, जाडसर आहे. ठाणे-दादर लोकलच्या गर्दीत घाम येऊन व्रण सपाट व्हावा म्हणून लावलेल्या सिलिकॉन पट्टीची कड सुटते, खाली पुरळ येतं. काय करू?

गिरगावची माई: अगं, सुरुवातीचे काही महिने व्रण लालच दिसतो, फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागतं. पट्टी रोज सौम्य साबणाने धुवायची, त्वचा टिपून पूर्ण कोरडी झाल्यावरच लावायची. पुरळ असेल तर पट्टी काही दिवस बंद ठेव, मग सिलिकॉन जेल वापर. पातळ थर, वाळल्यावर कपडे. मला पावसाळ्यात जेलच सोसलं. तार असलेली ब्रा मात्र नको, ती नेमकी त्याच रेषेवर काचते.

विलेपार्ले_स: खाज सुटते का? व्रण मूळ रेषेबाहेर पसरतोय का? तसं असेल तर केलॉइड असू शकतो, लगेच सर्जनना दाखवा. त्यावर स्टेरॉइडचं इंजेक्शन व्रणातच देतात. घरगुती लिंबू-हळद कृपा करून लावू नका.

मुलुंडकर: खाज आहे, पण पसरलेला नाही. माई, मालिश केलेलं चालेल?

गिरगावची माई: जखम भरलीय, तरी आधी सर्जनना विचार. हो म्हणाले तर बोटाने हलका दाब देत गोल फिरव, ओढू नकोस. खाजेचंही तेव्हाच सांग.