रोजच्या गाडीसाठी रायडिंग पँट : सोलापूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

जुळेसोलापूर
हेल्मेट आता बऱ्यापैकी लोक घालतात, जॅकेट-ग्लोव्हजपण दिसायला लागलेत, पण कमरेखाली सगळे साध्या पँटवर नाहीतर जीन्सवर. मी जुळे सोलापुरातून रोज चिंचोळी एमआयडीसीला जातो, अर्धा रस्ता पुणे हायवेचा, बाजूनं कंटेनर आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या. आमच्या शॉपमधला एक जण केगावजवळ खडीवर घसरला, स्पीड काय फार नव्हता, हेल्मेटनं डोकं वाचलं, जॅकेटनं कोपरं वाचली आणि गुडघ्याची वाटी फुटली. तेव्हापासून रायडिंग पँट बघतोय, म्हणजे घासलं तरी टिकणाऱ्या कापडाची, आत गुडघ्याला-खुब्याला पॅड बसवायची सोय असलेली. पण जे रिव्ह्यू सापडतात ते सगळे लडाखला जाणाऱ्यांचे. मला रोजच्या ड्युटीचं पाहिजे, मे महिन्यात ४३-४४ डिग्रीला दुपारच्या शिफ्टला जाताना घालवेल असं. जे वापरताय त्यांनी सविस्तर लिहा: काय घेतलं, का घेतलं, उन्हात कसं वाटतं, कामावर पोचल्यावर पँटीचं काय करता.

मागवाला
आमचं घर पूर्व भागात, घरचा धंदा मागाचा, त्यामुळं मी पँट आधी कापड म्हणून बघितली. दुकानात सगळे ६०० डेनियर, ६०० डेनियर करत असतात. डेनियर म्हणजे ९००० मीटर सुताचं वजन किती ग्रॅम भरतं ते, आकडा मोठा म्हणजे सूत जाड, एवढंच त्याच्यातून कळतं. सूत साधं पॉलिएस्टर आहे की चांगल्या ताकदीचं नायलॉन, वीण किती घट्ट, हे त्या आकड्यात येत नाही. म्हणून मी पँट उलटी करून आतनं बघतो. पडल्यावर कापड फाटायच्या आधी बऱ्याचदा शिवण उसवते, आणि शिवण उसवली की भारीतलं कापडपण काय कामाचं नाही. बसायची जागा, खुबा आणि गुडघ्याची बाहेरची बाजू, इथं दुहेरी-तिहेरी टीप पाहिजे आणि निदान एक टीप आत लपलेली पाहिजे, म्हणजे वरची घासून गेली तरी ती धरून ठेवते. अंगठ्यानं दोन्हीकडं ताणून बघा, टाक्यांच्या मधनं उजेड दिसला तर ती पँट तिथंच ठेवा.

दुसरं लेबल. युरोपचं ईएन १७०९२ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात ट्रिपल ए, डबल ए आणि सिंगल ए असे वर्ग असतात, ट्रिपल ए सगळ्यात तगडा. सी वर्ग लिहिलेला दिसला तर त्यात नुसते पॅड धरायची सोय असते, घासण्यापासून संरक्षण धरलेलंच नसतं, हे बघून घ्या. आपल्या उन्हाला ट्रिपल ए रोज घालवत नाही. मी डबल ए ची मेश पँट घेतली, मांडीला पुढं जाळी आणि बसायच्या जागेला, खुब्याला भरीव कापड. सगळीकडं जाळीच जाळी असलेली मी घेणार नाही.

स्कूटीवाली
मी कुंभारीला नोकरीला आहे, सात रस्त्यावरून स्कूटरवर जाते. बायकांनी लिहायलाच पाहिजे म्हणून लिहितेय. जेन्ट्स मापाची लहान साइज घेऊन आपलं भागत नाही ग, कमरेला बसली तर खुब्याला आवळते, खुब्याला बसली तर कमरेत हात जाईल एवढी ढिली. लेडीज कट आता भारतीय ब्रँडमध्येही मिळतात, थोडे शोधावे लागतात. मी लेगिंगवरून घालते, कुर्ता आत खोचते, पोचल्यावर चेंजिंग रूममध्ये काढून लॉकरच्या हुकाला उलटी टांगते, घाम वाळून जातो.

आणि स्कूटरवाल्यांसाठी एक महत्त्वाचं. स्कूटरवर समोर पाय ठेवून बसलं की गुडघा दुमडतो आणि पँट वर सरकते. उभं राहून आरशात गुडघ्याचा पॅड बरोब्बर वाटीवर होता तो बसल्यावर माझ्या मांडीवर आला. मी दुकानदाराला सांगून खाली लावलेल्या माझ्याच स्कूटरवर बसून बघितलं, आतल्या पॅडच्या खिशाला वेल्क्रो होतं, पॅड दोन बोटं खाली घेतला तेव्हा वाटी पण झाकली आणि नडगीचा वरचा भागपण. खिशात असं वरखाली करायची सोय नसेल तर घेऊच नका, मग कापड कितीही चांगलं असो.

बार्शी_पंढरपूर_लाईन
एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, आठवडाभर गाडीवरच. आज बार्शी, उद्या मंगळवेढा. ताईंचं शंभर टक्के खरं, कारण मी पडलोय. कारखाने चालू असताना रस्त्यावर उसाची कांडी पडतात, वरून गाड्या जाऊन त्यांचा चिकट लगदा होतो, त्यात थोडं दव पडलं की टायर पकडच घेत नाही. मोहोळच्या पुढं वळणावर पुढचं चाक गेलं, मी डाव्या अंगावर. डावा गुडघा आणि डावा खुबा, मार या दोनच ठिकाणी. गुडघ्याला लेव्हल २ चा पॅड होता, दुसऱ्या दिवशी ठणका लागला पण चालत होतो. खुब्याच्या जागी खिसा होता, आत पॅडच नव्हता, कारण बऱ्याच पँटींसोबत खुब्याचे पॅड येतच नाहीत, वेगळे घ्यावे लागतात. तिथला काळानिळा डाग जायला बरेच दिवस लागले, झोपताना कूस बदलता येत नव्हती. कातडी मात्र गेली नाही, कापडानं काम केलं. साध्या फॉर्मल पँटमध्ये काय झालं असतं ते सांगायला नको.

पॅडवर ईएन १६२१-१ लिहिलेलं असतं, ते पॅडचं युरोपचं स्टँडर्ड, पॅड बाहेर काढून बघायचं. ठोका तोच असतो, लेव्हल १ मधनं सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर आत पोचला तरी पास, लेव्हल २ ला २० च्या आत पाहिजे. फरक बघा केवढाय. पॅडवर काहीच छापलेलं नसेल, नुसता स्पंज असेल, तर तो पॅड नाही ओ, ती उशी आहे.

केगाव_हॉस्टेल
माझं बजेट नव्हतं, पाच-सात हजारांची पँट कुठनं आणू. दीड हजाराच्या आसपास नीगार्ड घेतले, म्हणजे गुडघ्याला बांधायचे पॅड, जीन्सवरून बांधतो. दोन पट्ट्यांचे घ्या, एक गुडघ्याच्या वर एक पोटरीवर, एकाच पट्टीचे गोल फिरतात. खुब्याला आणि मांडीला त्यानं काही होत नाही हे माहितीये, पण काहीच नाही त्यापेक्षा लई बरं. पोरांनो, घरून पैसे मागायला लाजत असाल तर निदान एवढं तरी करा.

गारमेंट
शिलाईतला माणूस आहे म्हणून एक सांगतो. उंची कमी असली की लोक पँट खालनं कापून आणा म्हणून येतात. खालनं कापल्यानं लांबी कमी होते, गुडघ्याचा पॅड होता तिथंच राहतो. पॅड खाली लागत असेल तर आतला खिसा उसवून वर घ्यावा लागतो. तो खिसा नुसत्या अस्तराला लावलेला असेल तर होतं काम, बाहेरच्या कापडापर्यंत टीप गेली असेल तर हात लावू देऊ नका, नवी भोकं पडतात आणि कापड तिथंच कमजोर होतं. आणि कुणाकडंही द्या, साधा सुती दोरा वापरायचा नाही, जाड पॉलिएस्टर नाहीतर नायलॉनचाच, आधीच सांगून ठेवायचं.

बँकेतले_काका
माझं वय पन्नाशीच्या पुढं, काउंटरला बसतो, रायडिंग पँटवर बसून चालत नाही. म्हणून ओव्हरपँट, म्हणजे नेहमीच्या पँटीवरून घालायची रायडिंग पँट. कमरेपासून घोट्यापर्यंत बाजूला पूर्ण चेन, बूट न काढता निघते, खालची फॉर्मल पँट तशीच राहते. पार्किंगमध्ये दोन मिनिटांचं काम. माप घेताना खाली ऑफिसची पँट घालूनच बघा. मे महिन्यात दोन कापडं होतात, गरम होतंच, ते मी नाकारत नाही, पण जाळीची असल्यामुळं गाडी चालू आहे तोवर वारा लागतो, त्रास होतो तो सिग्नलला. मी सकाळी लवकर निघायला लागलो. मुलीनं आग्रह केला म्हणून सुरुवात केली, आता ती घातल्याशिवाय गाडीवर बसवत नाही.

दाजीपेठ
रायडिंग जीन्स वापरतो, आत केव्हलारसारख्या अरॅमिडचं, म्हणजे घासायला चिवट अशा धाग्याचं अस्तर. ऑफिसात घालून बसता येते हा मोठा फायदा. दोन गोष्टी बघा: अस्तर नुसतं गुडघ्याला आहे का बसायच्या जागेलाही आहे, आणि तुमच्या गाडीचा सायलेन्सर पायाला लागतो का. पॉलिएस्टरची मेश असेल तर पोटरीच्या आतल्या बाजूला उष्णता सहन करणारं कापड लावलेलं पाहिजे, नाहीतर वितळून चिकटतं. धुताना पॅड काढायचे, गार पाणी, ब्लीच नाही, आणि गच्चीवर भर उन्हात वाळत घालायची नाही. अरॅमिडची ताकद उन्हानं कमी होते. आमच्यात सगळं गच्चीवरच वाळतं त्यामुळं आईला दोनदा सांगावं लागलं.

जुळेसोलापूर
मंडळी, मनापासून आभार. जाळीची ओव्हरपँट, डबल ए, गुडघ्याला लेव्हल २, खुब्याचे पॅड वेगळे, असं ठरवलंय. इथं माप मिळालं नाही तर पुण्याला गाडी घेऊनच जातो, बसून बघता येईल. एकच राहिलं, पावसाळ्याचं काय करता? आत लावायच्या वॉटरप्रूफ लाइनरसकट मिळतायत काही.

बार्शी_पंढरपूर_लाईन
त्या लाइनरसाठी जास्तीचे पैसे घालू नका दादा. तो जाळीच्या आतनं लागतो, बाहेरचं कापड आणि पॅड चिंब भिजून जड होतात आणि रस्त्यात पाऊस आला की पँट उतरवून लाइनर लावणार कुठं. वरून घालायची साधी रेन पँट घ्या, एक साइज मोठी, डिकीत पडून राहते. पुण्याला जाणार असाल तर माझ्यासाठी खुब्याच्या पॅडची किंमत विचारून या, लेव्हल २ ची.