कूबर पेडी: दिवसभराची गाइडेड टूर की आपली गाडी?

आगाशीतला_पाहुणा:
आम्ही अॅडलेडमध्ये राहतो. जुलैत आई-बाबा येणार आहेत, त्यांना आउटबॅक, म्हणजे आतला ओसाड प्रदेश, दाखवायचा म्हणून कूबर पेडी ठरवतोय, म्हणजे ओपल या रत्नाच्या खाणींचं आणि जमिनीखालच्या घरांचं गाव. बाबांचे गुडघे दुखतात, आई पूर्ण शाकाहारी आहे. प्रश्न असे:

१) अॅडलेडहून सकाळी निघून रात्री परत येता येईल का?
२) आमची साधी सेडान आहे. गाइडेड टूरचे पैसे वाचवून ब्रेकअवेज, म्हणजे गावाबाहेरच्या रंगीत टेकड्या, आपल्या आपण बघता येतील का?
३) टूरमध्ये नेमकं काय दाखवतात, आणि गुडघ्यांना कितपत झेपेल?
४) आईला ओपल घ्यायचा आहे. फसवणूक कशी टाळायची?

लालमाती:
पहिल्याचं उत्तर सरळ नाही. अॅडलेड ते कूबर पेडी साधारण ८५० किमी, न थांबता नऊ तास. एका बाजूलाच एक दिवस जातो. विमानाने दोनेक तास लागतात, पण तरीही एक रात्र तिथे राहाच, कारण तिथली बघण्यासारखी वेळ म्हणजे सूर्यास्त.

रस्ता पूर्ण डांबरी आहे, स्टुअर्ट हायवे, सेडानला काहीच अडचण नाही. पोर्ट ऑगस्टाला टाकी भरा आणि ग्लेंडाम्बोला पुन्हा भरा. तिथून कूबर पेडीपर्यंत सुमारे २५० किमी पेट्रोल नाही. पुढे अॅलिस स्प्रिंग्जकडे जाणार असाल तर मार्लाही साधारण तेवढंच लांब. दिवस मावळल्यावर गाडी चालवू नका. कांगारू, एमू आणि मोकाट गुरं संध्याकाळी रस्त्यावर येतात, आणि भाड्याची गाडी असेल तर बऱ्याच कंपन्यांच्या अटींत रात्री गावाबाहेर चालवायला मनाई असते. रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेले ट्रक, ५३ मीटरपर्यंत लांब असतात. ओव्हरटेक करताना समोर किलोमीटरभर रिकामा रस्ता दिसत असेल तरच बाहेर पडा. वाटेत पिंबाच्या पुढे लेक हार्टचं मिठाचं सरोवर रस्त्यावरूनच दिसतं, पाय मोकळे करायला चांगली जागा आहे. तो पट्टा वूमेरा प्रतिबंधित क्षेत्रातून, म्हणजे लष्कराच्या शस्त्रचाचणीच्या भागातून, जातो. हायवेवरून जायला परवाना लागत नाही, पण आडवाटेला गाडी घालू नका.

आता टूर. गावातली नेहमीची टूर अर्ध्या दिवसाची, चारेक तासांची असते. जुलैत तिथे सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो, म्हणून दुपारी एक-दीडला निघणारी घ्या. सकाळची टूर घेतलीत तर ब्रेकअवेज भर उन्हात बघाल. तेव्हा त्या टेकड्यांचे रंग फिके पडतात, फोटोही सपाट येतात. बुकिंग करताना एवढंच विचारा: "ब्रेकअवेजला सूर्यास्ताच्या वेळी असू का?" नाही म्हणाले तर दुसरा टूरवाला बघा.

साधारण क्रम असा असतो: हचिसन स्ट्रीट आणि बिग विंचवरून गावाचा नजारा, एक जुनी खाण किंवा खाणीचं संग्रहालय, जमिनीखालचं एक घर, सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च, गवत नसलेलं गोल्फ मैदान, ओपलची मैदानं (जिथे खाणी खोदतात ती मोकळी जमीन), मग ३० किमी उत्तरेला कांकू-ब्रेकअवेज, डॉग फेन्स (डिंगो, म्हणजे रानकुत्र्यांना अडवणारं कुंपण) आणि मून प्लेन (ओसाड माळ).

गुडघ्यांबद्दल: 'जमिनीखाली' म्हटलं की लोकांना विहिरीत उतरल्यासारखं वाटतं. इथली बहुतेक घरं टेकडीच्या कुशीत आडवी कोरलेली आहेत. दारातून सपाट आत जायचं, वर नुसता खडक. आत वर्षभर २३ ते २५ अंश, एसी नाही. भिंतींवर टनेलिंग यंत्राच्या दातांचे गोल ओरखडे दिसतात, खडक फिकट गुलाबी-पांढरा पट्ट्यापट्ट्यांचा, आणि धूळ गळू नये म्हणून त्यावर पारदर्शक सीलर मारलेला असतो. छतातून एक उभा पाइप वर काढलेला असतो, हवा तिथून खेळते. बाहेरून टेकडीवर पाइपांची टोपडी दिसली की खाली कुणाचं तरी स्वयंपाकघर आहे असं समजा. वर म्हटलेलं सर्बियन चर्च म्हणजे सेंट एलायजा, १९९३ सालचं, भिंतींवर खडकातच कोरलेल्या मूर्ती आहेत, ते चुकवू नका.

ओल्ड टायमर्स माइनचं मात्र वेगळं आहे. ती १९१६ सालची हाताने खोदलेली खाण आहे. डोक्याला हेल्मेट देतात ते शोभेला नाही, छत खरंच बुटकं आहे. पायऱ्या आहेत, वाकून चालावं लागतं. बाबांना तेवढा भाग सोडून वर थांबू दे, टूरवाल्याला आधीच सांगून ठेवा.

ब्रेकअवेजला दोन व्ह्यूपॉइंट आहेत आणि दोन्हींपर्यंत गाडी जाते, चालणं अगदी थोडं. वारा मात्र सणसणीत. जुलैत दुपारी १८-१९ अंश आणि रात्री सहाच्या आसपास, त्यामुळे सूर्यास्ताला कानटोपी आणि जाड जाकीट हवंच.

चाकांवरचा:
लालमातींनी टूरचंच सांगितलं, त्या एका बाबतीत सहमत नाही. ब्रेकअवेजला आपल्या गाडीनेही जाता येतं, दरवर्षी शेकडो सेडान जातात. गावातून वर्तुळाकार सुमारे ७० किमी, कच्चा पण कोरड्या दिवसात बरा रस्ता आहे. उद्यानाची प्रवेश फी ऑनलाइन किंवा गावातल्या माहिती केंद्रात भरायची, पावती गाडीत ठेवायची. ही जागा अंताकिरिन्जा मातू-यांकुनित्जात्जारा लोकांची आहे आणि उद्यान त्यांच्या सहभागाने चालतं. खुणा केलेल्या वाटा सोडून टेकड्यांवर चढू नका.

लालमाती:
@चाकांवरचा, कोरड्या दिवसात, हे शब्द जाड अक्षरात हवेत. तिथली माती शेलची, म्हणजे चिकणमातीच्या खडकाची आहे. पाच-सात मिमी पाऊस पडला तरी वरचा थर साबणासारखा होतो, चाकांत भरतो आणि गाडी कडेच्या चरात सरकते. मग रस्ता बंद करतात, आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो. निघायच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी राज्य सरकारचा आउटबॅक रस्त्यांचा अहवाल बघायचा.

दुसरं, गाडी भाड्याची असेल तर टू-व्हील ड्राइव्हला कच्च्या रस्त्यावर विमा बहुधा लागू होत नाही. काच फुटली, टायर फाटला तर सगळं आपल्या खिशातून. टूरचं भाडं त्याहून खूपच कमी. स्वतःची गाडी असेल तर निदान स्पेअर टायर पूर्ण मापाचा आहे का ते बघा, 'स्पेस सेव्हर', म्हणजे तात्पुरतं बारीक चाक, त्या दगडांवर टिकत नाही.

तिसरं, सूर्यास्त बघून अंधारात ३० किमी परत यायचं. वर सांगितलेले कांगारू तेव्हाच बाहेर पडतात. टूरच्या गाडीला पुढे बुलबार (जनावराची धडक झेलणारी लोखंडी जाळी) असतो आणि ड्रायव्हरला तो रस्ता पाठ असतो.

आणि खरं कारण म्हणजे ओपलची मैदानं. तिथे गाइडशिवाय आई-बाबांना उतरवूच नका. शाफ्ट, म्हणजे खाणीचं उभं विवर, खोदायचं ड्रिल साधारण मीटरभर व्यासाचं भोक पाडतं, खोली २५-३० मीटरपर्यंत असू शकते, आणि अशी भोकं उघडीच ठेवायची रीत आहे. बुजवलं तर भराव पावसाने खाली बसतो, वरून जमीन सपाट दिसते आणि आत पोकळ, ते जास्त वाईट. प्रत्येक भोकाशेजारी मातीचा शंकू असतो. फोटो काढताना मागे-मागे चालणं ही तिथली सगळ्यात धोक्याची सवय, तशा पाट्याच लावल्या आहेत.

खडे_वेचणारी:
ओपलबद्दल मी लिहिते.

आधी तिथे काय होतं ते दोन ओळींत. १ फेब्रुवारी १९१५ला विली हचिसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पाणी शोधताना ओपल सापडला, वडिलांबरोबरची तुकडी सोनं शोधायला आली होती. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. त्याच्या गाळातल्या भेगांत आणि शिंपल्यांत पाण्यासोबत झिरपलेली सिलिका बसत गेली, तिचा ओपल झाला. म्हणून तिथे ओपल झालेले शिंपलेसुद्धा मिळतात. १९८७ साली तिथेच सापडलेला 'एरिक' नावाचा ओपल झालेला समुद्री सरीसृप आता सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये आहे.

टूरमध्ये 'नूडलिंग'साठी थांबवतात, म्हणजे खाणीतून टाकलेल्या मातीत ओपल शोधणं. सार्वजनिक जागा ज्युएलर्स शॉप रोडवर आहे, तिथे परवाना लागत नाही. खुंट्या ठोकलेल्या क्लेममध्ये, म्हणजे कुणाच्या खाणीच्या हक्काच्या तुकड्यात, पाय ठेवायचा नाही. शंकूच्या पायथ्याला खोदायचं नाही, माती वरून घसरते. सूर्य पाठीशी ठेवा, स्प्रे बाटलीतून दगड ओला करा आणि बोटांत हळूहळू फिरवा. कोरडा ओपल मळकट दगडासारखा दिसतो, ओला केला की रंगाची ठिणगी उठते. करड्या, दुधी, रंग नसलेल्या दगडाला 'पॉच' म्हणतात. बहुतेकांच्या हाती तोच लागतो आणि त्याला मोल नाही.

खरेदी. कूबर पेडीचा ओपल फिकट किंवा पांढऱ्या पायाचा असतो. काळा ओपल प्रामुख्याने न्यू साउथ वेल्समधल्या लाइटनिंग रिजचा. इथे कुणी स्वस्तात काळा ओपल दाखवला तर तो डब्लेट असण्याचीच शक्यता जास्त. तीन प्रकार कळले पाहिजेत:

सॉलिड, म्हणजे सबंध ओपल. डब्लेट, म्हणजे ओपलचा पातळ काप काळ्या पाठीवर चिकटवलेला. ट्रिप्लेट, म्हणजे त्यावर काचेची किंवा क्वार्ट्झची टोपी. डब्लेट-ट्रिप्लेट विकणं फसवणूक नव्हे, सॉलिड म्हणून विकणं ही फसवणूक. त्यांचा गोंद पाण्याने ढिला होतो आणि खडा धुरकट पडतो. आई भांडी घासताना अंगठी काढत नसतील तर तो प्रकार घेऊच नका.

ओळखायचं असं: खडा आडवा धरून कड बघा. रंगाचा थर आणि पाठ यांच्यामध्ये सुईने आखल्यासारखी सरळ रेघ दिसली तर तो चिकटवलेला. निसर्गातली सीमा वाकडीतिकडी असते. वरून घुमटासारखा काचेचा फुगवटा दिसला तर ट्रिप्लेट. मागून पूर्ण बंद कोंदणात बसवलेल्या अंगठीत कड दिसतच नाही, म्हणून सुटा खडा बघून मग कोंदण करून घ्या. खडा दुकानाच्या दिव्याखाली न्याहाळून झाला की दारात सावलीत न्या. तिथेही रंग खेळला तरच पैसे द्यायचे. बिलावर 'सॉलिड' असं लिहून मागा.

टूर एखाद्या ओपलच्या दुकानात थांबतेच. पहिल्याच थांब्याला घेऊ नका, हचिसन स्ट्रीटवर दुकानं ढिगाने आहेत.

जीएसटी_परत:
आई-बाबा ऑस्ट्रेलियातून परत जाणार आहेत, मग टूरिस्ट रिफंड स्कीम वापरा. एकाच विक्रेत्याकडून, म्हणजे एकाच एबीएनवर (व्यवसायाच्या नोंदणी क्रमांकावर), एकूण ३०० डॉलर किंवा जास्त खरेदी, निघायच्या आधीच्या ६० दिवसांत. जीएसटी १० टक्के, म्हणजे बिलाचा अकरावा हिस्सा परत मिळतो. लोक इथे चुकतात: पैसे मुलाच्या कार्डाने भरतात आणि क्लेम आई करायला जाते. जो प्रवासी वस्तू घेऊन जाणार त्यानेच पैसे भरलेले असावे लागतात. १,००० डॉलर किंवा जास्तीचं बिल असेल तर टॅक्स इन्व्हॉइसवर खरेदीदाराचं नाव हवं. खडा हँडबॅगेत किंवा अंगावर ठेवा, चेक-इन सामानात नको, विमानतळावर काउंटरवर दाखवायला लागतो. क्लेम सुटायच्या वेळेच्या ३० मिनिटं आधीपर्यंतच घेतात, रांगेचा वेळ वेगळा धरा.

आगाशीतला_पाहुणा:
सगळ्यांचे मनापासून आभार. टूरच घेतो. दोन शंका राहिल्या: जमिनीखालच्या हॉटेलात आई-बाबांना गुदमरल्यासारखं होईल का? आणि 'पेंटेड हिल्स'चीही एक दिवसभराची टूर दिसतेय, ती घ्यावी का?

लालमाती:
हवा पुरेशी असते, गुदमरत नाही. पण खोलीला खिडकी नसते आणि दिवा घालवला की मिट्ट काळोख होतो, स्वतःचा हात दिसत नाही. रात्री बाथरूमला उठणाऱ्यांसाठी उशाशी टॉर्च ठेवा किंवा बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किलकिलं ठेवा. बंद जागेची भीती असेल तर त्याच हॉटेलांत बऱ्याचदा जमिनीवरच्या खोल्याही असतात, बुकिंगच्या वेळी तशी मागा.

पेंटेड हिल्स या नावाने दोन जागा आहेत. अर्कारिंगाच्या रंगीत टेकड्यांपर्यंत गाडी जाते, पण जाऊन-येऊन पूर्ण दिवस खडबडीत रस्त्यावर हाडं खिळखिळी होतात. दुखऱ्या गुडघ्यांना तासन्‌तास वाकून बसणं चालण्यापेक्षा वाईट. अॅना क्रीकच्या टेकड्या बघायला छोट्या विमानाची फेरी असते. आई-बाबांसाठी मी विमान निवडेन. पंख वर असलेल्या विमानातून खालचं स्पष्ट दिसतं, त्यामुळे कुठलं विमान आहे ते विचारा. सकाळची वेळ घ्या, दुपारी तापलेल्या हवेत धक्के बसतात.

टूर बुक करताना आणखी तीन गोष्टी विचारा. किमान किती प्रवासी झाले तर टूर निघते (ऐनवेळी रद्द व्हायचं नेहमीचं कारण हेच). उद्यानाची फी आणि खाणीचं तिकीट भाड्यात धरलंय का. आणि गाडीची पायरी किती उंच आहे. फोर-व्हील ड्राइव्ह बसला पहिली पायरी गुडघ्याएवढी असते, स्टूल ठेवा म्हणून आधी सांगितलं तर ठेवतात.

चाकांवरचा:
आईंच्या जेवणाचं कुणी लिहिलं नाही. गावात ग्रीक-इटालियन लोक बरेच स्थायिक झालेत, त्यामुळे चीज पिझ्झा, पास्ता, ग्रीक सॅलड मिळून जातं. कांद्या-लसणाचं वर्ज्य असेल तर अवघड आहे, थेपले-पोळ्या बरोबर घ्या. टूरहून परत येईपर्यंत सात होतात आणि किचन लवकर आटोपतात, म्हणून निघायच्या आधीच टेबल सांगून ठेवा. प्रत्येकी दोन लिटर पाणी गाडीत असू द्या, टूरमध्येही. फोन टेल्स्ट्राचा असेल तर गावात चालतो, बाहेर पडलं की गेला. नकाशा आधी डाउनलोड करा. जुलैत माश्या कमी असतात, तरी तोंडावरची जाळी पाच-सात डॉलरची, घेऊन ठेवा.

खडे_वेचणारी:
डॉग फेन्सपाशी एक सूचना. हे कुंपण सुमारे ५,६०० किमी लांब आहे, दक्षिणेकडच्या मेंढ्या डिंगोपासून वाचवायला. फाटक असेल तर जसं होतं तसंच ठेवायचं, उघडं असेल तर उघडं आणि बंद असेल तर बंद. मून प्लेनवर उन्हात चकाकणारे काचेसारखे पापुद्रे दिसतील, तो जिप्सम आहे, ओपल नव्हे. उचलून खिशात घालू नका, तो भाग उद्यानाला लागूनच आहे.