७२ तासांत मत द्या, नाहीतर प्रेक्षक?

टर्मिनलवाली
काल इथे एकाने लिहिलं, "ज्याला प्रोजेक्टची खरी आस्था आहे तो ७२ तासांत मत देतोच, बाकीचे नुसते प्रेक्षक." वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितेय.

एका ओपन-सोर्स लायब्ररीच्या (इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) नव्या रिलीजचं मतदान शुक्रवारी रात्री ११ ला सुरू झालं, ऐन दिवाळीत. मी कोल्हापूरला, लॅपटॉप पुण्यात. मंगळवारी सकाळी परत येऊन आरसी, म्हणजे रिलीजआधीची चाचणी आवृत्ती, बिल्ड केली, 'दऱ्या' टाइप केलं, तर स्क्रीनवर 'दर्या'. डोंगरातल्या दरीचा समुद्र झाला होता. तोवर तीन +१ (होकाराची मतं; नकार म्हणजे -१) पडून मतदान बंद. दुरुस्ती चार महिन्यांनी आली. सहा वर्षं त्या कोडमध्ये आहे मी. मी प्रेक्षक?

जुनाखांब
ते वाक्य माझंच, आणि मी त्यावर ठाम आहे. अपाची या ओपन-सोर्स संस्थेचे नियम वाचा. ७२ तास ही किमान मुदत आहे. आणि रिलीजला व्हेटो नसतो: तीन बाइंडिंग, म्हणजे अधिकृत मोजणीत धरले जाणारे, +१ हवेत, -१ पेक्षा +१ जास्त हवेत, संपलं. व्हेटो कोडच्या बदलाला, तोही तांत्रिक कारण देऊन. तुमच्या एका -१ ने काहीही अडलं नसतं.

टर्मिनलवाली
नियमाने अडलं नसतं, माणसांनी अडवलं असतं. बग दाखवला की रिलीज मॅनेजर मतदान रद्द करून दुसरी आरसी काढतो, हे तुम्हीही दहा वेळा पाहिलंय. आणि किमान मुदत म्हणता, पण ७३ वा तास कोण थांबतं?

नाना_ठाणे
आमच्या सोसायटीत हेच चालतं. कोरम नाही म्हणून सभा तहकूब, अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा, आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं कंत्राट नऊ जणांनी मंजूर केलं! मी तेव्हा आईला घेऊन दवाखान्यात होतो.

पायथॉनवाला_नाशिक
नाना, आमच्याकडे तर नोटीस लिफ्टमध्ये लावली होती, आणि लिफ्ट बंद.

नाना_ठाणे
नोटिशीचे १४ दिवस मोजायचे कुठून, त्यावर सेक्रेटरीशी दोन वर्षं भांडतोय. रजिस्टर मागितलं तर कपाटाची किल्ली हरवलेली. गच्ची अजून गळतेय, चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी बादल्या मांडल्यात.

जुनाखांब
नाना, सोसायटीचं इथे आणू नका. तिथे घर तुमचं आहे. इथे कोणी कोणाला बांधील नाही. जो काम करतो तो ठरवतो.

नाना_ठाणे
का आणू नको? मुदत ठरवणाराच मतदार ठरवतो, दोन्हीकडे. गळक्या छताखाली बसून बघा एकदा, मग सांगा!

पायथॉनवाला_नाशिक
मुदतीवर बोलू. २०१८ मध्ये पायथॉन भाषेचा जनक ग्विडो प्रमुखपदावरून बाजूला झाला, तेव्हा पुढचा कारभार कसा चालवायचा यावर मतदान होतं; पायथॉनवाल्यांनी आधी मतमोजणीच्या पद्धतीवरच रान उठवलं, शेवटी कॉन्डॉर्सेवर (पर्यायांची दोन-दोन करून तुलना) आले. पण मतदान १ ते १६ डिसेंबर, 'एनीव्हेअर ऑन अर्थ', म्हणजे पृथ्वीवर कुठेतरी १६ तारीख शिल्लक आहे तोवर. एवढं केलं तर जग बुडत नाही.

जुनाखांब
ते एकदाच होणारं मतदान होतं. दर रिलीजला सोळा दिवस दिले तर सिक्युरिटी फिक्स कधी पाठवायचा? आणि जास्त वेळ दिला की काय होतं ते डेबियनला, त्या स्वयंसेवकांच्या लिनक्स प्रोजेक्टला, विचारा. त्यांच्या जुन्या नियमांत ठरावात दुरुस्ती स्वीकारली की चर्चेचं घड्याळ पुन्हा सुरू. ज्याला लांबवायचंय त्याची चंगळ.

टर्मिनलवाली
त्याच डेबियनचं दुसरं टोकही सांगा ना. २०२१ चा स्टॉलमनचा ठराव: मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचा हा संस्थापक फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या संचालक मंडळावर परतला, त्यावर डेबियनने भूमिका घ्यायची का. प्रोजेक्ट लीडरने चर्चा आठवड्यावर आणली, लोक एकमेकांवर तुटून पडले, आणि जिंकला कुठला पर्याय? डेबियन जाहीर निवेदन करणार नाही, हा. पुढे जानेवारी २०२२ मध्ये नियमच बदलले: चर्चा दोन आठवडे, नवे पर्याय आले तर वाढ, पण साधारण तीनपर्यंतच. लांबवणाऱ्यालाही लगाम, घाई करणाऱ्यालाही. मी याहून जास्त मागतच नाहीये.

जुनाखांब
ते नियम बरे आहेत, मान्य. पण रिलीजला तीन आठवडे मी कधीही देणार नाही.

टर्मिनलवाली
तीन आठवडे कोणी मागितले? शुक्रवारी रात्री सुरू करू नका. सिक्युरिटी फिक्स नसेल तर पाच दिवस द्या.

जुनाखांब
शुक्रवारचं ठीक आहे. पाच दिवसांचं नाही. आणि 'प्रेक्षक' हा शब्द मागे घेतो, तुमच्यापुरता.

टर्मिनलवाली
माझ्यापुरता नको. त्या दिवाळीत दोन नेपाळी आणि एक गुजराती मेंटेनरही (कोड सांभाळणारे) घरी गेले होते.

नाना_ठाणे
सहनिबंधकांकडे अर्ज कसा करायचा, कोणाला माहीत आहे का?